शेवग्याकडची खिडकी

राजाजीनगर, बेंगळुरू
४ सप्टेंबर २०२५

प्रिय अक्का,

तुझं कानाचं यंत्र पुन्हा पेटीत गेलं, असं गुंडो म्हणाला. मी फोनवर बोलायचं, तुझ्या लेकाने ते तुझ्या कानाशी ओरडायचं आणि निम्मं आपल्या पदरचं घालायचं, त्यापेक्षा कागद बरा. शिवाय आज जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. मी घाबरलो आहे.

मागच्या शेवग्यावर सुरवंट आले आहेत. हसू नकोस. एकाहत्तराव्या वर्षी दामू अळीला भितो म्हणशील, तर एकदा येऊन बघ. बोटभर लांब, राखाडी, अंगभर केस. शेजारचे नागराज त्यांना कंबळीहुळ म्हणतात, घोंगडीचे किडे, आणि नाव अगदी खरं आहे. दिवसा ते खोडावर एकमेकांना चिकटून बसतात. लांबून वाटतं, कुणी जुनी घोंगडी खोडाला गुंडाळली आहे. जवळ गेलं की घोंगडी हलते. ऊन कललं की सगळे वर चढतात आणि पानं खायला लागतात. त्यांची लेंडी खालच्या पत्र्यावर पडते, टिक टिक टिक, संध्याकाळभर. तो आवाज नको म्हणून नीला टीव्ही मोठा लावते, आणि मग टीव्हीच्या आवाजातूनही मला तोच ऐकू येतो.

भीती झाडाची नाही, नीलाची आहे. तिचा दमा तुला माहीत आहे. या किड्यांचे केस वाऱ्यावर उडतात. परवा दोरीवरची साडी नेसली तर मानेवर गांधी उठल्या. पंप दिवसातून दोनदा घ्यायची, आता चारदा घेते. औषध फवारावं तर तिला साधं फिनेलही सोसत नाही, आणि तो पाला आम्ही खातो. नागराजनी कंपाउंडवरून मान काढून सांगितलं, "सार, मर कडिसिबिडि." तोडूनच टाका. नीला ऐकायला तयार नाही. गृहप्रवेशाला तू संकेश्वरहून ओल्या पोत्यात गुंडाळून, रात्रभर मांडीवर धरून आणलेली फांदी, ती तोडायची म्हणजे काय, म्हणते.

आपल्या परसातल्या शेवग्यावर लहानपणी असेच आले होते ना? तू हातात काहीतरी पेटतं घेऊन उभी होतीस, आणि मी विहिरीमागे लपलो होतो, एवढंच आठवतं. काय केलं होतंस? लवकर कळव. तुझ्या झाडाचं कसं काय?

तुझा,
दामू

अक्का, हे दिवसातून दहादा झाडाकडे जातात आणि दहादा हात धुतात. साबण संपत आला. तुमची तब्येत सांभाळा. – नीला


संकेश्वर
९ सप्टेंबर

चि. दामू,

पत्र कालच मिळालं. घाबरू नकोस बघ. तू जन्माचा भित्रा. शाळेत नागपंचमीला मातीच्या नागालासुद्धा भ्यायचास.

त्याला पलिता करायचा. लांब बांबू घे, टोकाला जुनं धोतर घट्ट बांध, रॉकेलमध्ये भिजव. सकाळी लवकर, ते खोडाला घट्ट बसलेले असतात तेव्हाच. पेटवून खोडावरून वर-खाली फिरव. आरती ओवाळल्यासारखा फिरवायचा, चुलीत जाळ घातल्यासारखा नाही, नाहीतर साल भाजेल. पटापट खाली पडतात. पडले की माती ओढून पुरून टाक. अंगात बाह्यांचं घाल, डोक्याला कापड गुंडाळ. नीलाला घरात ठेव, दारं-खिडक्या लावून. आपल्या आईने असंच केलं, मी असंच केलं, शेवगा कधी गेला नाही.

झाड तोडायचं नाव मात्र काढायचं नाही. माझी शपथ आहे तुला. नागराजना म्हणावं, स्वल्प दम धरा, आठ दिवसात होतंय सगळं.

माझ्याकडे सुरवंट नाहीत. गुडघा दुखतोय, बाकी सरी, ठीक आहे.

अक्काचे आशीर्वाद


राजाजीनगर
१५ सप्टेंबर

अक्का,

तू सांगितलंस तसा पलिता शुक्रवारी केला. रॉकेल कुठं मिळालं नाही, समईच्या तेलात धोतर भिजवलं. बरेच मेले. पुरले. झाड ठीक आहे.

नीलाला थोडा खोकला आहे. काळजी नको.

घाईत आहे. नंतर सविस्तर लिहितो.

दामू


संकेश्वर
२० सप्टेंबर

चि. दामू,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. वाचायला आहेच किती त्यात? इतक्या वर्षांत तू मला असं आठ ओळींचं पत्र लिहिलेलं नाहीस. आणि खाली नीलाच्या दोन ओळी नाहीत. तुमच्या लेकीच्या, केतकीच्या बाळंतपणाला सिडनीला गेली होती तेव्हासुद्धा तिकडून वेगळं कार्ड टाकलं होतं तिने.

ती माझ्यावर रागावली आहे का? मी शपथ घातली ते तिला आवडलं नसेल. तिच्या घरातल्या झाडाचं मी इथं बसून ठरवणारी कोण? की मी जन्माचा भित्रा म्हणाले ते लागलं तिला? तुला कुणी काही बोललेलं तिला खपत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे. तिला म्हणावं, म्हातारीच्या बोलण्याला हाड नाही. माफ कर आणि दोन ओळी लिही.

तुझ्या कागदाला मागे औषधाच्या दुकानाचं नाव आहे. घरात कागद नव्हता काय रे?

अक्का


राजाजीनगर
२४ सप्टेंबर

प्रिय अक्का,

नीला रागावलेली नाही. तिला लिहिता येत नव्हतं.

ते पत्र मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून लिहिलं. नीला तेव्हा अतिदक्षता विभागात होती, नाकातोंडावर मास्क. चार दिवस तिथे, मग तीन दिवस वॉर्डात. आता घरी आली आहे. बसून जेवते, चार शब्द बोलली की थांबते. तुला कळवायचा धीर झाला नाही. तू सांगितलेल्या उपायाने झालं, असं तुला वाटेल, म्हणून लपवलं.

पण तसं नाही, अक्का. चूक माझी आहे.

तुझ्या परसात चारी बाजूंनी वारा. माझं परस म्हणजे दोन भिंतींमधली चार फूट जागा. तिथे पेटवल्यावर धूर जाणार कुठे? चौतीस वर्षं विमानांची तपासणी करून पेन्शनीत निघालेल्या माणसाला हे कळू नये! तेलाचा काळा धूर, त्यात त्यांचे जळके केस, सगळं भिंतीला धरून वर चढलं आणि मधल्या खोलीच्या खिडकीतून आत गेलं.

आणि ती खिडकी उघडी होती.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी यादी केली होती. नोकरीत करायचो तशीच. पुढची खोली, स्वयंपाकघर, मागचं दार, मधली खोली, न्हाणीचा झरोका. एकेक बंद करायचं आणि समोर खूण करायची. यादी माझ्या खिशात आहे, मधल्या खोलीसमोर माझ्या हातची खूण आहे. कडी लावल्याचा आवाजसुद्धा मला आठवतो. नीलाला पुढच्या खोलीत बसवून मी मागे गेलो. पलिता विझवून आत आलो तर मधल्या खोलीत खिडकी सताड उघडी आणि नीला खाली जमिनीवर, ओठ निळे, हात माझ्याकडे केलेला. नागराजच्या सुनेने, पवित्राने, गाडी काढली म्हणून वेळेवर पोहोचलो.

म्हणजे मी न लावलेल्या खिडकीसमोर खूण केली. जे केलं नाही ते केल्याचं मला आठवतं. अक्का, आपल्या अप्पांचं असंच सुरू झालं होतं ना? आधी कुलूप, मग गॅस, आणि शेवटी आपल्याच बोळात उभे राहून मला विचारलं, "दामूचं घर कुठं हो?" मला त्या दिवसापासून झोप नाही. मी घरातल्या खिडक्या दिवसातून पाच वेळा बघतो. उद्या गॅस उघडा राहिला तर? तिला औषध दोनदा दिलं तर? तिचा श्वास माझ्या हातात आहे आणि माझ्या हातावर माझाच भरवसा राहिला नाही.

नीलाला यातलं काही लिहू नकोस. तिला वाटतंय, मी नुसता दमलोय.

सुरवंट पुन्हा आले आहेत. वरच्या फांद्यांवर बारीक बारीक.

दामू


संकेश्वर
३० सप्टेंबर

चि. दामू,

झाड तोड.

पत्र मिळाल्या दिवशी माणूस बोलाव आणि तोड. शपथ मी घातली होती, मीच काढून घेते.

आता माझं ऐक. माझ्याकडे सुरवंट नाहीत असं मी लिहिलं, ते खरं होतं, कारण माझ्याकडे झाडच नाही. मागच्या मार्गशीर्षात रस्ता रुंद केला, त्यात परसाची भिंत गेली आणि शेवगा गेला. तुला कळवलं नाही. कळवलं की ते खरंच झालं असं वाटलं असतं. आईने लावलेलं झाड होतं. मनात म्हणायची, दामूकडे फांदी आहे, तिथं आहे तोवर आहे. त्या लोभापायी तुला शपथ घातली. वारा कुठला, भिंत कुठली, नीलाची छाती कशी, काही विचारलं नाही. पलित्याचं सांगताना मला माझंच परस दिसत होतं. चार फुटांत राहणाऱ्या माणसाला मी चार गुंठ्यांचा उपाय सांगितला. त्या पोरीला काही झालं असतं तर मी कुठल्या तोंडाने जगले असते?

अप्पांचं म्हणशील, तर ते सुरू झालं तेव्हा अप्पांना आपण विसरतोय हे कळतच नव्हतं. तुला कळतंय. एवढ्यावरून मी डॉक्टर होत नाही, पण रोज अंगारा लावते आहे तुझ्या नावाने. डॉक्टरला दाखव.

तोड रे बाबा ते झाड.

अक्का


राजाजीनगर
६ ऑक्टोबर

अक्का,

मी नीला. थांबत थांबत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या. हे मोठ्या डॉक्टरांकडे गेले आहेत, डोक्याची तपासणी करून घ्यायला. मला सांगून गेलेत की दाढ दाखवायला चाललो. तुमची पत्रं मी वाचली. यांच्या पुस्तकात होती. चोरून वाचली हे खरं.

खिडकी मी उघडली.

यांनी कडी लावली होती. मीही तो आवाज ऐकला. मला पुढच्या खोलीत बसवून गेले, पण मला बसवेना. सत्तरी उलटलेला माणूस, उजवा गुडघा धड नाही, प्लास्टिकच्या स्टुलावर चढून हातात पेटता बांबू. त्यात डोक्याला माझी जुनी सुती साडी गुंडाळलेली. ती पेटली तर? पडले तर? ओरडले तरी बंद घरात मला ऐकू येणार नव्हतं. मधल्या खोलीच्या खिडकीची काच दुधी आहे, आरपार काही दिसत नाही. नुसता लाल जाळ इकडून तिकडे हलत होता. मग तो एकदम खाली गेला, आणि मला वाटलं, हे पडले. मी कडी काढली. हे पडले नव्हते, वाकून खालचे सुरवंट जाळत होते. एवढंच दिसलं आणि धूर आला.

मास्क काढल्यावर पहिलं हेच सांगणार होते. पण हे उशाशी बसून रडत होते, चुकलो म्हणत होते, मला वाटलं, झाडाबद्दल म्हणताहेत. घरी आल्यावर हे दिवसातून पाचदा खिडक्या बघायला लागले, तेव्हा कळलं की खिडकीबद्दल म्हणत होते. तोवर आठवडा गेला होता. आता सांगितलं तर म्हणतील, इतके दिवस मला जळत ठेवलंस. आणि खरं सांगू, मला बोलणी खायची भीती वाटली. मी हट्ट केला म्हणून झाड राहिलं, मी खिडकी उघडली म्हणून मरता मरता वाचले, आणि दोष घेऊन फिरतात हे.

काल यांचा शर्ट धुवायला काढला. खिशात चिठ्ठी होती. यांच्या सुंदर अक्षरात यांचं नाव, पत्ता, माझा फोन नंबर, आणि खाली इंग्रजीत आणि कन्नडमध्ये लिहिलंय, "हा माणूस वाट चुकला तर कृपया घरी पोहोचवा." ती हातात घेऊन मी न्हाणीत किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. धुराने जीव घाबरला नव्हता इतका घाबरला.

मी काय करू? उत्तर पवित्राच्या नावाने पाठवा, शेजारचाच पत्ता. ती आणून देईल.

नीला


संकेश्वर
१० ऑक्टोबर

नीला,

बाई, आजच सांग. उद्या नाही.

मला तुझा राग आलेला नाही. मीही झाड गेल्याचं दहा महिने लपवलं, मी तुला काय बोलू? पण माझ्या लपवण्याने तू हॉस्पिटलात गेलीस, आणि तुझ्या लपवण्याने तो नसलेला आजार अंगाला लावून घेतोय. खिशात चिठ्ठी ठेवलेला माणूस चार दिवसांत खरंच वाट चुकायला लागतो.

तोंडाने जमत नसेल तर लिहून दे. त्याला लिहिलेलंच खरं वाटतं, लहानपणापासून.

अक्का


राजाजीनगर
१७ ऑक्टोबर

प्रिय अक्का,

मंगळवारी मी दूध आणायला निघालो. बूथवर कूपन काढायला खिशात हात घातला तर माझी चिठ्ठी हाताला लागली. कोणती ते नीलाने तुला कळवलं आहे म्हणे. सवयीने उघडून बघितली. मागच्या कोऱ्या बाजूला नीलाचं अक्षर होतं.

"मधल्या खोलीची कडी यांनी लावली होती. मी काढली. हे पडले असं वाटलं म्हणून. हा माणूस काही विसरत नाही. याला घरी पोहोचवायची गरज नाही, याने लवकर घरी यावं."

दूध न घेताच परत आलो. दारात उभी होती, हातात पंप घेऊन, जणू मी येऊन ओरडेन आणि तिला तो लागेल. मी ओरडलो, अक्का. खोटं कशाला सांगू? "काही झालं असतं म्हणजे?" एवढं एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. तीही म्हणाली, "आणि तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?" कंपाउंडपलीकडून पवित्राने विचारलं, "अंकल, आंटी, एल्ला सरी इदेना?" सगळं ठीक आहे ना? नीला म्हणाली, सरी इदे. त्या रात्री मी सलग सात तास झोपलो.

तपासणीचा निकालही आला. वयाच्या मानाने ठीक आहे, असं लिहिलंय. निकालापेक्षा त्या चिठ्ठीची मागची बाजू मला जास्त खरी वाटते. ती मी खिशातच ठेवली आहे.

झाड तोडलं नाही. तुझी आज्ञा मोडण्याची ही पहिलीच वेळ, शिव्या दे. माणूस बोलावून वरचं सगळं छाटलं, तेही नीलाला दोन दिवस पवित्राकडे पाठवून. आता छातीएवढा खुंट आहे, स्टूल लागत नाही. खोडाला ओलं पोतं गुंडाळतो. पहाटे खाली उतरणारे त्याखाली गोळा होतात. सकाळी पोतं सोडून साबणाच्या पाण्यात बुडवतो, आग नाही, धूर नाही, ओल्यामुळे केसही उडत नाहीत. बुंध्याची माती उकरून कोष काढले, वाटीभर निघाले. छाटलेल्यातल्या दोन जाड फांद्या घासून धुऊन ओल्या पोत्यात बांधल्या आहेत. दिवाळीला गुंडो येईल, त्याच्या मांडीवर देतो. रस्त्यापासून लांब लाव.

भीती गेली म्हणून सांगणार नाही. ऊन कललं की अजून माझे कान पत्र्याकडे लागतात. काल एकदा टिक झालं आणि मी ताट टाकून उठलो. छाटताना पत्र्यावर राहिलेली वाळकी शेंग घरंगळली होती. पुढच्या वर्षी पुन्हा येतील हे मला माहीत आहे, आणि नीलाची छाती आता पहिल्यासारखी नाही हेही.

एक काम मात्र लगेच केलं. मंजुनाथ सुताराला बोलावून मधल्या खोलीच्या खिडकीची दुधी काच काढली आणि आरपार दिसणारी बसवली, चारी बाजूंनी रबर लावून. कडी काढून टाकली आहे. ती खिडकी आता उघडतच नाही. सकाळी मी पोतं सोडतो तेव्हा नीला आत खुर्ची ओढून बसते आणि बघते. मी मान वर केली की ती दिसते. मी दर मिनिटाला मान वर करतो, त्यामुळे कामाला वेळ लागतो, पण घाई कुणाला आहे?

तुझा,
दामू

अक्का, हे पत्र लिहिताना हे तीनदा उठून मधल्या खोलीत बघून आले. काच बंद आहे. मी आत आहे. – नीला